गावच्या घरात कॉम्प्युटर मांडताना आणि कॅमेरे बसवताना

अमरावतीहून दर्यापूरकडच्या गावी बिऱ्हाड हलवलं आणि सहा वर्षं बिनतक्रार चाललेला कॉम्प्युटर आठवड्यात बंद पडला. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा, गेला होता. घाईत नवा आणला, तोही महिन्यात गेला. तेव्हा कुठे व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर हातात घेतला. तुम्ही हे काम आधी करा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बोर्डाला अर्थिंग नाही असं समजा. वायरमनकडून तीन मापं घेऊन घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखं यायला हवं, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आपल्याकडच्या काळ्या मातीचा एक त्रास आहे: उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, माती जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या रॉडपासून सुटते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग वैशाखात निकामी होतं. रॉडभोवतीच्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात तेव्हा अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

व्होल्टेज दिवसातून तीनदा बघा. शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की ते किती उतरतं ते लिहून ठेवा. यूपीएस घेताना तो किती कमी व्होल्टेजपर्यंत बॅटरीवर न जाता चालतो, हे खोक्यावर वाचा. इथे तोच आकडा महत्त्वाचा. यूपीएसवर लिहिलेले ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६०.

आता मशीन. टेम्पोत हादरे बसून रॅम आणि हार्डडिस्कची केबल ढिली होते. प्लग काढा, झाकण उघडा, रॅमचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून पुन्हा घट्ट बसवा. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) टाकली की जुनं मशीनही तरतरीत होतं. मात्र विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ११ न चालणाऱ्या मशीनवर फार पैसे घालू नका.

कॅमेऱ्याच्या दुकानात सगळे "किती मेगापिक्सेल?" एवढंच विचारतात. खरा प्रश्न वेगळा: काय दिसायला हवं? गोठ्यात कोणी शिरलं एवढं कळायचं असेल तर दोन मेगापिक्सेल आणि २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स पुरे. पण याच कॅमेऱ्यात माणूस तीन-चार मीटरपलीकडे गेला की चेहरा ओळखू येत नाही. चोर दिसतो, कोण ते कळत नाही. म्हणून फाटकासाठी सहा मिलिमीटरची, कमी रुंद पण दूरचं मोठं दाखवणारी लेन्स घ्या, आणि कॅमेरा छपराला न टांगता माणसाच्या डोक्याच्या थोडा वर लावा. सोयाबीनची पोती ठेवता त्या खोलीवर एक कॅमेरा रोखा, शेजाऱ्याच्या अंगणावर नको.

साठवण स्वतः मोजा. सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी खातो. चार कॅमेरे एक टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरतात. मग जुनं आपोआप पुसलं जातं. चोरी झाल्यावर पंधरा दिवसांनी शोधायला बसाल तर काही मिळायचं नाही.

डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) आणि राउटर यूपीएसवर ठेवा, नाहीतर लाईन गेली की पहारा संपला. घरापासून गोठ्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका. मृगात वीज जवळपास पडली तर तिच्या धक्क्याने दोन्ही टोकांची उपकरणं जातात. तिथे वायफाय किंवा फायबर बरं. कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, तो सगळ्यांना ठाऊक असतो.

लाईन वारंवार गेली की डीव्हीआरचं घड्याळ चुकतं, ते महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून बघा. आणि कॅमेऱ्यासमोरचं कोळिष्टक दर बाजाराच्या दिवशी झाडा. रात्री कॅमेऱ्याजवळ किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि पडद्यावर फक्त पांढरी जाळी दिसते.