थंडरबर्डची साधी बुलेट करताना

बाबांची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड 2004 सालची. बाबा सहा फुटांचे, मी पाच फूट दोन इंच. पाय पुढे टाकून, हँडल छातीशी ओढून ते चोर्ला घाटातून बेळगावला निघाले की आरामखुर्ची चालल्यासारखी दिसायची. मी बसले की पाय फुटरेस्टवर पोचायचे, पण नुसते टेकायचे. खड्डा आला तर उठून उभं राहता येत नाही, सगळा दणका माकडहाडात. आमच्या गोव्यातल्या चोडणच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर एकदा गाडी अशी कलली, की मागच्या पायलटने, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याने, उतरून धरली म्हणून वाचले. त्याच दिवशी ठरवलं, हिला सरळ बसायची गाडी करायची.

डिचोलीतला आमचा मिस्त्री म्हणाला, "तुका बुलेट जाय जाल्यार बुलेटच घे गो." म्हणजे बुलेट हवी तर बुलेटच घे. सल्ला वाईट नव्हता. पण गाडी बाबांची.

आधी एक समजून घ्या. 2002 साली आलेल्या या थंडरबर्डमध्ये ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीसोबत तयार केलेलं लीन बर्न, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोल जाळणारं, इंजिन आहे: 346 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90. हेच इंजिन एनफिल्डच्याच मॅचिस्मो या मॉडेलमध्येही होतं. म्हणजे इंजिनाला हातही लावायचा नाही. ही गाडी आतून बुलेटच आहे, फक्त बसायला वेगळी. आपलं अंग गाडीला जिथे टेकतं तेवढ्या तीनच जागा बदलायच्या: हँडल, फुटरेस्ट, सीट.

मोह मात्र बरेच होतात. पहिला म्हणजे बुलेटच्या हेडलाइटचा तो भरदार डोम. मलाही हवा होता. पण बुलेटमध्ये तो नुसता शोभेचा पत्रा नसतो. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, नळ्या वर त्याच्यातच आटे घालून बसतात. डोम हवा तर पुढचा अख्खा फोर्क बदला. सोडून द्या. दुसरा मोह भंगारात स्वस्त मिळणाऱ्या जुन्या बुलेटच्या फुटरेस्ट-ब्रेकच्या सेटचा. जुन्या बीडाच्या इंजिनवाल्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, थंडरबर्डला उलट. मी सहाशे रुपये घालवून हे शिकले. डाव्या गिअरची मॅचिस्मो किंवा पाच गिअरची इलेक्ट्रा भंगारात तुटायला आली असेल तर तिचे भाग बघा.

तिसरी गोष्ट कागदांची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये ते कडकपणे सांगितलंय. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, कापाकापी नको, वेल्डिंग नको. टाकीचा रंगही आरसीत असतो. आमची काळी, काळीच ठेवली. काम काढण्याआधी आरटीओत एकदा विचारून या. आणि जे लावाल ते चार बोल्ट काढून परत पूर्वीसारखं करता येईल असंच लावा.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पडवी मोकळी हवी होती, म्हणून मी काम एप्रिलमध्येच काढलं. पावसात हे करू नका. आदल्या रात्री प्रत्येक नटावर डिझेल सोडा. आमच्याकडच्या दमट हवेत वीस वर्षांचा नट सकाळी पान्याला हो म्हणेलच असं नाही. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, बॅटरीची मायनसची वायर आधी सुटी करा.

हँडल सोपं आहे. नळी 22 मिलिमीटरची, तशीच साध्या बुलेटची कमी उंचीची घ्या. स्विचच्या आतल्या बारीक खिळीसाठी नव्या नळीला भोक पाडावं लागेल, नाहीतर स्विच गोल फिरतो. खरी कटकट वायरींची. उंच हँडलच्या क्लचच्या आणि एक्सिलेटरच्या वायरी आता लांब पडतात, त्यांचा फुगा होऊन टाकीखाली चिमटतो. आखूड वायरी घालाच. मग स्टँडवर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. आवाज चढला तर वायर ओढली जातेय. वळवल्यावर अंगठा टाकीत सापडत नाही ना, तेही बघा, माझा सापडला. पुढे डिस्क असेल तर तिचा पाइप ताणत नाही ना, हेही पाहून घ्या.

फुटरेस्टला मला दोन रविवार लागले. भोकं जुळतील असं धरून चालू नका. मी लाडवांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, चासीवरच्या बोल्टांच्या जागी पेन्सिलने टोचून भोकं उतरवली आणि भावाला गाडी धरायला लावून वर बसले. गुडघा काटकोनाच्या जरा पुढे राहील तिथे पायाची खूण केली. तो पुठ्ठा घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडे गेले, आठ मिलिमीटर जाड लोखंडाच्या दोन पट्ट्या करून घेतल्या. पहिली जोडी वाया गेली, कारण मी किक विसरले! किक खाली येताना थेट फुटरेस्टवर आपटत होती. तेव्हा पुठ्ठ्यावरच किक पूर्ण खाली आणून बघा आणि फुटरेस्ट दुमडणारेच घ्या.

पाय मागे आला की गिअर आणि ब्रेकही मागे आणायला हवेत. गिअरचा दांडा शाफ्टच्या दातांवर एखाद-दुसरा दात फिरवून बसवा. बूट घालून मापा, चपलेवर नको. ब्रेकचा रॉड कमी-जास्त केला की मागचं चाक अधांतरी फिरवून बघा, कुठे घासतंय का. आणि ब्रेकची मागची लाल बत्ती! पेडल हललं की तिचा स्विच पुन्हा लावावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात.

सीट कारागिराकडून एकसंध करून घेतली. टाकी मूळचीच असल्याने मधे दोन बोटांची फट राहते, तिथे त्याने फोम पुढे ओढला. सपाट सीट मूळच्या खोलगट सीटपेक्षा उंच होते हे मला आधी कुणी सांगितलं नाही, टाचा वर राहायला लागल्या. मांड्यांजवळचा फोम दोन्हीकडून तासून घेतल्यावर पाय टेकले.

पहिल्यांदा गाडी वाड्यातच फिरवा, मग मयेपर्यंत. दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. माझ्या उजव्या पट्टीचा एक ढिला झाला होता, आता त्याला सहज ढिला न होणारा नायलॉकचा नट आहे. जुनं हँडल, फुटरेस्ट आणि सीट ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. फेरीबोटीच्या फळीवर आता पहिल्या गिअरमध्ये फुटरेस्टवर जरा उठूनच चढते.