कमी खर्चातला एडिटिंगचा संगणक: घरी जुळवावा, बाहेरून चालवावा

फोटो आणि व्हिडिओच्या एडिटिंगसाठी संगणक जुळवून घेणारे बहुतेकजण आधी ग्राफिक कार्ड ठरवतात, उरलेल्या पैशांत बाकीचे भाग बसवतात आणि तो बाहेरून कसा वापरायचा याचा विचार संगणक घरी आल्यावर करतात. हा क्रम उलटा असावा, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. मुंबईत शूट एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला आणि क्लायंटचा फोन भलत्याच वेळी, अशी स्थिती असते. त्यामुळे जड काम घरच्या संगणकाने करावे आणि आपण हलका लॅपटॉप घेऊन कुठूनही त्यावर बसावे, ही सोय खरोखर उपयोगाची आहे. मात्र तिच्यासाठी लागणाऱ्या अर्ध्या गोष्टी खरेदीच्या यादीतच असाव्या लागतात.

सुरुवात आपल्या कॅमेऱ्यापासून करावी. आपला कॅमेरा कोणत्या स्वरूपात व्हिडिओ साठवतो, हे मेनूत पाहून कागदावर लिहून घ्यावे, कारण प्रोसेसरची निवड त्यावर ठरते. अलीकडचे अनेक कॅमेरे एच.२६५ या स्वरूपात १०-बिट, ४:२:२ असे, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, चित्रण करतात. ही फाइल आकाराने लहान असली तरी उलगडताना संगणकाला फार जड जाते, आणि नुसत्या सॉफ्टवेअरच्या बळावर ती उलगडायची म्हटल्यास टाइमलाइन अडखळत चालते. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांमधील अंगभूत ग्राफिक्स हे काम हार्डवेअरमध्ये करते, तर एनव्हिडियाच्या कार्डांना ते ५० मालिकेपासूनच जमू लागले. म्हणून कमी खर्चात काम करायचे असेल, तर २०२२ मध्ये आलेला आय५-१२४०० किंवा मदरबोर्डवरच्या त्याच खाचेत (सॉकेट) बसणारा आय५-१४४०० हा समंजस पर्याय आहे. दुकानदार थोड्या कमी किमतीत ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर पुढे करतो. तो या कामासाठी घेऊ नये, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसते. पुढे वेगळे कार्ड बसवल्यावर काही मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन पुन्हा चालू करावे.

ग्राफिक कार्ड लगेच घ्यावे की नंतर, हे सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. लाइटरूम (फोटो) आणि प्रीमियर (व्हिडिओ) यांवर काम करणाऱ्याने पहिले काही महिने कार्डाशिवाय काढले तरी चालते, आणि वाचलेले पैसे रॅम व एसएसडीवर घालता येतात. दाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ आणि रंगकामाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला मात्र कार्ड पहिल्या दिवसापासून हवे, कारण त्याचे जवळजवळ सगळे रंगकाम कार्डावर चालते. तिथे किमान ८ जीबी मेमरीचे कार्ड धरून चालावे. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ३८४० × २१६० पर्यंतचे आउटपुट देते, आणि लग्न, मुलाखती किंवा यूट्यूबच्या कामाला ते पुरेसे आहे. तरीही खरेदीआधी आपल्या कॅमेऱ्याची एक क्लिप मित्राच्या संगणकावर त्या मोफत आवृत्तीत उघडून पाहावी.

रॅम ३२ जीबी घ्यावी, आणि ती १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे मेमरीचे दोन्ही मार्ग (चॅनेल) वापरले जातात. पैसे कमी पडत असतील तर ८ जीबीच्या दोन पट्ट्यांनी सुरुवात करता येईल, परंतु तेव्हा चार स्लॉट असलेला मदरबोर्ड पाहावा; एच६१० चिपसेटच्या बोर्डावर दोनच स्लॉट मिळतात आणि पुढे जुन्या पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात. बी६६० किंवा बी७६० चिपसेटचा बोर्ड हा मला योग्य मध्यम मार्ग वाटतो.

साठवणुकीचे गणित थोडे सावकाश मांडतो, कारण पैसे सर्वाधिक वाया जातात ते इथेच. प्रति सेकंद १०० मेगाबिटने चित्रित केलेला एक तास म्हणजे सुमारे ४५ जीबी. हा प्रवाह सेकंदाला फक्त साडेबारा मेगाबाइट इतकाच असतो, त्यामुळे एका कॅमेऱ्याचे फुटेज चांगल्या हार्ड डिस्कवरूनही सुरळीत चालते. अडचण येते ती तीन कॅमेऱ्यांच्या क्लिपा एकाच वेळी वाचताना, कारण डिस्कचे डोके इकडून तिकडे धावत राहते. त्यामुळे विंडोज, सॉफ्टवेअर, लाइटरूमचा कॅटलॉग, कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) आणि चालू काम हे सगळे एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवर ठेवावे. १ टीबीची एक एसएसडी सुरुवातीला पुरते. संपलेले काम ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर हलवावे, आणि ती घेताना सीएमआर (पट्टे वेगवेगळे लिहिणाऱ्या) प्रकारची आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण एसएमआर (पट्टे एकमेकांवर सरकवून लिहिणारी) डिस्क मोठ्या फाइली सलग लिहिताना मध्येच मंदावते. क्लायंटचे काम एकाच डिस्कवर कधीही ठेवू नये. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि शक्य असेल तर दुसऱ्या घरात असावी.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, हा स्वस्तात उरकण्याचा भाग नव्हे. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा नको. नामांकित कंपनीचा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा घ्यावा. यासोबत मुंबईतल्या जुन्या चाळी आणि इमारतींत एक गोष्ट अवश्य तपासावी. संगणक चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हाताची मागची बाजू लागली की बारीक झिणझिण्या येतात का? येत असतील, तर घरातल्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसल्यास २३० व्होल्टच्या सुमारे निम्मा दाब त्या पत्र्यावर तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी कमी असला तरी यूएसबीने जोडलेली डिस्क आणि कॅमेरा यांना तो बाधू शकतो. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्यावे. हा खर्च संगणकाच्या बजेटमध्येच धरावा.

खरेदीसाठी ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आजही सोयीचा आहे. तीन-चार दुकानांतून एकाच दिवशी लेखी कोटेशन घ्यावे, कारण रॅम आणि एसएसडीचे भाव फार लवकर हलतात. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हे विचारावे, आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असलेले पक्के बिल घ्यावे. पुढे वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येते. दुकानातच विंडोजपर्यंत संगणक चालवून पाहावा. जड ग्राफिक कार्ड असेल तर ते काढून खोक्यात ठेवायला सांगावे आणि टॅक्सीने घरी न्यावे.

आता बाहेरून वापरण्याविषयी. मागे मी चिपळूणला एका लग्नाच्या शूटसाठी गेलो होतो आणि रात्री तिथून घरच्या संगणकावर टीझर काढायचा बेत होता. मुलुंडला घरी वीज दोन मिनिटे गेली, परत आली, पण संगणक बंदच राहिला. शेवटी आईला फोन करून कॅबिनेटवरचे बटण कुठे आहे ते समजावून सांगावे लागले. ती घरी होती म्हणून काम झाले. त्यानंतर मी बायोसमधली ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ ही नोंद ‘ऑन’ केली, म्हणजे वीज आली की संगणक आपणहून सुरू होतो. पुढचा टप्पा म्हणून यूपीएस घ्यावा, आणि त्यावर राउटर व फायबरची डबी हीसुद्धा जोडावीत. संगणक चालू आणि इंटरनेट बंद, याचा काहीच उपयोग नसतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडून मुंबईतली वीज काही तास गेली होती. तशा वेळी यूपीएसचे काम एवढेच की, संगणक नीट बंद व्हावा आणि डिस्कवरचे काम शाबूत राहावे.

घरच्या राउटरपर्यंत केबल टाकावी, वायफायवर भिस्त ठेवू नये. अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता देत नाहीत, अनेकांना मिळून एक देतात. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडूनही बाहेरून संगणक सापडत नाही. तो मार्ग सुरक्षितही नाही, आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप या बाहेरून संगणक चालवण्याच्या सोयीचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट तर इंटरनेटला कधीही उघडा ठेवू नये. टेलस्केल हे वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीच्या (व्हीपीएन) पद्धतीवर आधारलेले सॉफ्टवेअर दोन्ही संगणकांवर बसवले की, ते जणू एकाच घरात आहेत अशा रीतीने जोडले जातात. त्यात ‘रन अनअटेंडेड’ ही सोय चालू करावी, म्हणजे कोणी लॉगिन केलेले नसतानाही जोडणी राहते; आणि घरच्या संगणकापुरती टेलस्केलच्या ओळख-चावीची मुदत बंद करावी, कारण ती १८० दिवसांनी संपते आणि नेमकी प्रवासात संपण्याची भीती असते.

विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप फोटो निवडायला ठीक आहे, परंतु त्यासाठी घरच्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, आणि व्हिडिओ त्यावर अडखळतो. व्हिडिओसाठी घरच्या पडद्याचे चित्र लॅपटॉपवर पाठवणारी सॉफ्टवेअरे, म्हणजे घरी सनशाइन आणि लॅपटॉपवर मूनलाइट, किंवा दोन्हीकडे पार्सेक वापरावे. १०८०पी चित्रासाठी घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग १५ ते २० मेगाबिट तरी मोकळा असावा. मॉनिटर बंद असताना काही कार्डे चित्रच पाठवत नाहीत. त्यासाठी एचडीएमआयच्या खाचेत बसणारा अंगठ्याएवढा डमी प्लग मिळतो, तो लावून ठेवावा.

बाहेरून दिसणाऱ्या या चित्रात रंगांची माहिती बहुधा ४:२:० अशी, म्हणजे आणखी कमी करून, दाबलेली असते, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा पुसट दिसतात. कापणे, जोडणे, आवाज बसवणे, फोटो निवडणे, एक्सपोर्ट लावणे ही कामे बाहेरून करावीत. रंगाचा शेवटचा हात घरी, कॅलिब्रेट केलेल्या (रंग मोजून बिनचूक केलेल्या) आयपीएस प्रकारच्या मॉनिटरसमोर बसून फिरवावा. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. बाहेर शूट केलेले ४५ जीबी फुटेज ५० मेगाबिटच्या अपलोडने घरी पाठवायला दोन तास लागतात, आणि हॉटेलच्या वायफायवर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून ही सगळी व्यवस्था आधीच घरी असलेल्या फुटेजसाठी आहे, असे समजून आखणी करावी.

प्रवासाला निघण्यापूर्वी एक संध्याकाळ चाचणीसाठी ठेवावी. लॅपटॉप मोबाइलच्या इंटरनेटवर घेऊन इमारतीच्या खाली उतरावे, संगणकाला जोडून एक छोटी क्लिप कापून एक्सपोर्ट करावी. मग वर येऊन संगणक नीट बंद करावा, यूपीएसची कळ बंद करून मिनिटभराने पुन्हा लावावी, आणि पुन्हा खाली जाऊन तो आपणहून सुरू होऊन टेलस्केलच्या यादीत हिरवा दिसतो का, ते पाहावे. दिसला नाही, तर दोष कुठे आहे हे शोधायला अजून आपण घरीच आहोत.