‘नाही’ गिळू नका : बोलताना आवाज नेमका कुठे मार खातो

अठरा-वीस वर्षांपूर्वी मी सांगलीत शेतीच्या औषधांच्या एका दुकानात काउंटरवर होतो. ऐन द्राक्षाचा हंगाम, दुकानात तासगाव-मणेराजुरीकडची गर्दी. एका बागायतदाराला बाटली देताना मी सांगितलं, “आभाळ आलं असलं तर मारायचं नाही.” म्हणजे मी असं सांगितलं असं मला वाटतं. त्यांना ऐकू आलं ते, “आभाळ आलं असलं तर मारायचं.” त्यांनी संध्याकाळी औषध मारलं, रात्री पाऊस आला, सगळं धुऊन गेलं. तिसऱ्या दिवशी दुकानात आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “भाऊ, तुमचं ‘न्हाई’ तोंडातच ऱ्हायलं की वो.” दुसरी बाटली माझ्या पगारातून गेली.

तोवर माझी समजूत अशी की आपला आवाजच बारीक, जन्माचा, त्याला कोण काय करणार. त्या दिवशी कळलं की आवाजाला काही झालेलं नाही, वाक्याचं शेपूट मी गिळतोय. पुढे मी सूत्रसंचालन करायला लागलो. लग्नं, मंडळाचे कार्यक्रम, पतसंस्थांच्या सभा असं काय काय केलं. आता शनिवारी-रविवारी आठ-दहा जणांना बोलायला शिकवतो. येणारा प्रत्येकजण म्हणतो, “सर, माझ्यात आत्मविश्वास नाही.” मी आधी त्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकू येतंय का ते बघतो. दहातल्या सात-आठांचं येत नाही.

वाक्याचं शेपूट

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेक वेळा त्याच्याही शेवटी. ‘पैसे देणार आहे’, ‘पैसे देणार नाही’, ‘पैसे देणार होतो’. तिन्हींचा सगळा फरक शेवटच्या शब्दात आहे, आणि आपण नेमका तिथेच आवाज सोडतो. ऐकणाऱ्याला ‘पैसे देणार’ एवढंच मिळतं, बाकीचं तो अंदाजाने भरतो. मग “काय म्हणालात?” असं विचारतो. दोनदा विचारलं की आपण खजील होतो आणि तिसऱ्यांदा आणखी हळू बोलतो. आत्मविश्वास गेला असं ज्याला आपण म्हणतो, त्याची सुरुवात पुष्कळदा इथून होते.

आवाज शेवटी पडतो कारण श्वास संपलेला असतो. स्वरतंतू हवेच्या जोरावर कंप पावतात. हवा संपली की आवाज घोगरा होतो, खर्रर्र करत विझतो. दुसरं कारण मनातलं. शेवटचा शब्द तोंडात असताना डोकं पुढच्या वाक्यावर गेलेलं असतं, किंवा ‘यांना हे पटेल का’ या विचाराने नजर खाली गेलेली असते. मान खाली गेली की आवाजही पायाशी पडतो.

तपासायचं कसं? फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि आज घरून निघाल्यापासून काय काय झालं ते दोन मिनिटं सांगा. ऐकताना बाकी सगळं सोडून द्या, फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐका. किती गिळले ते मोजा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. रोज पेपरातली एक बातमी घ्या, प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि मोठ्याने वाचा. रेघेवर आलात की आवाज टिकवायचा. जोर द्यायचा नाही, हे मी दहादा सांगतो, तरी पहिल्या आठवड्यात पोरं “झाला आहेऽऽ!” असं मोर्चासारखं वाचतात. वाक्य दमसासाच्या बाहेरचं असलं तर त्याची दोन करा. बोलण्यातही तेच. ‘की’, ‘जे’, ‘ज्यामुळे’ लावून लांबवलेलं वाक्य शेवटी हमखास कोसळतं.

मोठ्याने म्हणजे स्पष्ट नव्हे

“मोठ्याने बोल की” हा घराघरातला सल्ला. त्याने माणूस ओरडायला लागतो. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा एकमेकांवर आपटतात, बायकांचे 200 च्या आसपास. ओरडलं की हे आपटणं जोरात होतं. रोज तसं होत राहिलं तर त्यांच्या कडा सुजतात, काही जणांना बारीक गाठीही येतात. शिक्षक, विक्रेते, गायक यांच्यात हा त्रास जास्त दिसतो तो यामुळेच.

आजूबाजूला गलका असला की आपला आवाज आपोआप चढतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना फोनवर बोलून बघा, घरी आल्यावर घसा सांगेल. तिथे आवाज चढवण्यापेक्षा दोन पावलं जवळ जा, समोरच्याकडे तोंड करा आणि शब्दांमध्ये थोडी जागा सोडा. व्यंजनं नीट उमटली की मध्यम आवाजही लांब जातो. ‘पाटलांकडं’ हा शब्द आपण ‘पाट्लाकं’ असा उरकतो, मग चारदा सांगावा लागतो.

भोपळा विसरू नका

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी गेलात तर तंबोऱ्याची तार भोपळ्यावर चढण्याआधी कशी वाजते ते विचारा. नुसत्या ताणलेल्या तारेला आवाज जवळपास नसतोच, किणकिण होते फक्त. भरदार नाद येतो तो खालच्या पोकळ भोपळ्यामुळे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी बातमी पुढे पाठवली. मी माझ्या पोरांना घेऊन तिकडे गेलो आणि म्हटलं, हे बघा तुमचं शरीर.

गळ्यातले स्वरतंतू म्हणजे तार. घशाची, तोंडाची, नाकाची पोकळी म्हणजे भोपळा. दात आवळून, जबडा न हलवता बोलणारा माणूस भोपळा काढून टाकून तार छेडत असतो, आणि आवाज येत नाही म्हणून तार आणखी ताणतो. घसा दुखणार नाही तर काय होईल?

सकाळी तोंड मिटून, दात एकमेकांना न लावता ‘म्म्म’ असा सहज सुरात गुणगुणा. ओठांना, नाकाच्या दांडीला झिणझिण्या जाणवल्या पाहिजेत. त्या आल्या की तोच सूर धरून ‘म्म्म-मा’, ‘म्म्म-मी’, मग ‘मी मिरजेला चाललोय’. पाच मिनिटं पुरतात. झिणझिण्या घशात जाणवत असतील तर तुम्ही ढकलताय, आवाज कमी करा. आवाज जाड करायच्या नादात काही पोरं मुद्दाम खर्जात बोलतात. तेही नको. स्वतःच्या सहज सुराच्या खाली बोललं की घसा लवकर थकतो आणि वाक्याचं शेपूट पुन्हा गायब.

श्वासाबद्दलही इथेच सांगतो. ‘छाती फुगवून श्वास घे’ हे कवायतीत ठीक. बोलताना खांदे वर जायला नकोत, पोट पुढे यायला हवं. पोटावर हात ठेवा, श्वास घ्या, मग ‘स्स्स’ करत एकसारखा सोडा. पहिल्या दिवशी दहा सेकंद जमतात, महिनाभराने वीस-पंचवीस. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली आपल्या सांगलीतच ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं ते पोटातल्या श्वासावर आणि स्वच्छ शब्दांवर. आपल्याला फार तर ऑफिसातल्या टेबलाच्या पलीकडे पोचायचं आहे.

“ई, हा माझा आवाज?”

रेकॉर्डिंग ऐकून नव्याण्णव टक्के लोक ते पुसून टाकतात. (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठे छापू नका.) स्वतःचा आवाज आपण एरवी कानाने आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. हाडांतून येताना खालचे सूर जास्त येतात म्हणून तो आपल्याला भरीव वाटतो. फोनमधला आवाज फक्त हवेतून येतो, म्हणून पातळ आणि परका. जगाला तुमचा आवाज पहिल्यापासून असाच ऐकू येतोय आणि त्यांचं काही अडलेलं नाही. आठवडाभर ऐका, सवय होते.

बोली लपवायची चूक

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, थोडं लांबेल.

पुण्यात मुलाखतीला जाणारी आमची पोरं अचानक पुणेरी व्हायला बघतात. ‘व्हय’ चं ‘हो’ होतं, तिथवर ठीक. पण मग प्रत्येक ‘न’ चा ‘ण’ होतो, ‘मणात’, ‘पाणात’ सुरू होतं. आणि एवढं सांभाळताना उत्तर काय द्यायचं तेच विसरतं. डोक्यात एक माणूस बोलतोय आणि दुसरा त्याला सारखा दुरुस्त करतोय, अशाने जीभ अडखळणारच. लोक त्याला भित्रेपणा समजतात.

क्रांतिसिंह नाना पाटील आपल्याच वाळवा तालुक्यातले, येडेमच्छिंद्रचे. गावच्या रांगड्या बोलीत भाषण करायचे आणि हजारोंची सभा हलत नसे. 1957 साली ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. बोली बदलून गेले नाहीत.

याचा अर्थ कुठेही काहीही बोला असा नाही. समोरच्याला शब्द कळला नाही तर शब्द बदलायचा. ‘मी तिथं काम करालोय’ हे पुण्याच्या साहेबाला अडलं तर ‘करतोय’ म्हणा. पण चाल तुमचीच राहू द्या. ती बदलायला गेलात की श्वास, लय, सगळंच बिघडतं. माझ्याकडचा एक पलूसकडचा मुलगा तीन मुलाखतींत अडखळला. चौथीला मी म्हटलं, “तू मामाशी बोलतोस तसा बोल, फक्त शिव्या वगळ.” नोकरी लागली की नाही ते सांगत नाही, कारण नाही लागली. पण बाहेर आल्यावर पहिल्यांदाच तो म्हणाला, “सर, मला जे सांगायचं होतं ते सगळं सांगून आलो.” पुढच्या ठिकाणी लागली.

भीती जायची वाट बघणं

उभं राहिलं की छातीत धडधडतं, तोंड कोरडं पडतं, आवाज कापतो. शरीर संकटाची तयारी करत असतं, त्यात ॲड्रेनॅलिन वाढतं, श्वास वरवर चालतो, आणि श्वास वरवर चालला की आवाज थरथरतो. इतकी वर्षं माईक हातात असून मला अजून होतं. ‘भीती गेली की बोलेन’ असं ठरवणारा आयुष्यभर खुर्चीवर बसून राहतो.

करण्यासारखं थोडंच आहे. पहिली दोन वाक्यं पाठ करा, बाकी फक्त मुद्दे. सगळं पाठ केलं तर एक शब्द निसटला की गाडी घाटात बंद पडते. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा. बोलण्याआधी श्वास पूर्ण बाहेर सोडा, आत आपोआप येतो. आणि ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणून पंधरा नावं घेण्याची आपल्याकडची पद्धत असली तरी नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. एक नाव राहिलं की तो माणूस रुसतो आणि तुमचा घाम सुटतो. ‘सर्व मान्यवर आणि मंडळी’ म्हणा, सुटा.

सराव मात्र रोजच्या व्यवहारात करा. सिटी बसमध्ये “एक मिरज” एवढं कंडक्टरला पहिल्या झटक्यात ऐकू गेलं पाहिजे. मंडईत भाव विचारा. मग सोसायटीच्या वार्षिक सभेत एक प्रश्न विचारा, अगदी साधा. तिथे कुणीच विचारत नाही, त्यामुळे साध्या प्रश्नालाही वजन येतं. हे न करता एकदम गणपतीच्या मंडपात माईक धरायला गेलात तर काय होणार ते सांगायला नको.

‘म्हणजे’, ‘आपलं ते’, ‘काय म्हणतात त्याला’ हे मधले टेकू सगळ्यांचे असतात. त्यांच्या जागी गप्प राहा. एक सेकंदाची शांतता तुम्हाला तासासारखी वाटते, समोरच्याला जाणवतही नाही. दुसऱ्याचं वाक्य ‘होय होय, कळलं’ करत तोडू नका. त्याच्याही वाक्यात ‘नाही’ शेवटीच येणार आहे.

घसा बसला तर

ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग चघळायला हरकत नाही, बरं वाटतं. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर असतात. त्यांचा रस थेट तिथे लागत नाही. गुळण्यांचंही तेच. दिवसभर थोडंथोडं पाणी पिणं आणि साध्या पाण्याची वाफ घेणं जास्त कामाचं. कार्यक्रमाआधी घटाघटा बाटली संपवून उपयोग नसतो, ते पाणी शरीरात फिरून यायला वेळ लागतो. आणि सांगलीकरांनो, बोलायच्या अर्धा तास आधी भडंग खाऊ नका. शेंगदाण्याचा एक कण पुरतो. मी अनुभवाने सांगतोय, नवरा-नवरी बोहल्यावर उभे होते.

सारखं खाकरणं सोडा. प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर जोरात घासतात, सूज येते, म्हणून परत खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी घोट घ्या किंवा आवंढा गिळा. बसलेल्या घशाने कुजबुजणं सुरक्षित वाटतं, पण जोर लावून कुजबुजलं तर ताण वाढतोच. गप्प बसा, नाहीतर हळू पण खऱ्या आवाजात बोला. रोज सकाळी घसा खवखवत असेल तर रात्री उशिराचं तिखट जेवण आणि लगेच आडवं होणं तपासा. पोटातलं आम्ल वर येऊनही हे होतं.

सर्दी नसताना आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर काढे बंद आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. तंबाखू, मावा, सिगारेट असेल, गिळताना दुखत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं तर तेवढंही थांबू नका. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा. जाताना फोनमधलं जुनं रेकॉर्डिंग पुसलं नसेल तर बरोबर असू द्या, आधी आवाज कसा होता ते डॉक्टरांना ऐकवता येतं.