पार्किन्सन्समधला डिमेन्शिया आणि मेंदूचे स्कॅन: या चुका टाळा

"यात बाबांचा विसराळूपणा दिसेल ना?" एमआरआयच्या खोलीबाहेर हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता उत्तर द्यायला खुर्ची ओढून बसतो.

पहिली चूक या प्रश्नातच आहे. पार्किन्सन्सच्या पेशंटचा साधा एमआरआय काढतात तो मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे बघायला. पडल्यामुळे कवटीखाली साचलेलं रक्त, छोटे छोटे स्ट्रोक, गाठ, मेंदूच्या पोकळ्यांत वाढलेलं पाणी. यातलं काही सापडलं तर उपचारच बदलतात. पण रिपोर्ट 'वयानुसार' आला म्हणून डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळण्याचा आजार, नाही असं होत नाही. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन "बघा, तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणत म्हाताऱ्या माणसावर चिडलेली मुलं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका. निदान ठरतं ते स्मृतीच्या आणि लक्ष देण्याच्या चाचण्यांवरून, आणि पैशाचे हिशेब, गोळ्या, कपडे हे रोजचं किती जमतं त्यावरून.

चार दिवसांत अचानक बरळायला लागले असतील तर स्कॅनची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग किंवा ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी कंपावरची गोळीही हे करू शकते.

सगळ्यात जास्त घोळ होतो गोळीच्या वेळेचा. एक आजोबा आले होते. स्कॅनआधी काही घ्यायचं नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून अकराची लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची मुख्य गोळी, घेतलीच नव्हती. त्यांच्या तपासणीला ती चुकवायची काहीच गरज नव्हती. साडेबाराला त्यांना आत घेतलं तेव्हा हनुवटी थरथरत होती, उजवा हात पोटावर आपटत होता. पडद्यावर मेंदूच्या कडेने पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेघा आल्या. बाहेर काढलं, डॉक्टरांना विचारून गोळी दिली, सुनेने पाय चोळले. पाऊण तासाने त्याच मशीनवर स्वच्छ चित्र आलं.

संशोधनात हीच चूक फार महागात पडते, कारण तिथे चित्र बिघडलंय हे नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी सॉफ्टवेअर मोजतं आणि डोकं जरा हललं तरी ती खऱ्यापेक्षा कमी भरते. डिमेन्शिया झालेले पेशंट जास्त हलतात, निरोगी माणसं कमी. मग दोन गटांत जो फरक दिसला तो आजाराचा की हालण्याचा? शिकाऊ मुलांना मी सांगतो, हालचालीचे आकडे आधी बघा, रंगीत नकाशे नंतर. फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना टिपणाऱ्या स्कॅनमध्ये, तर औषध स्वतःच मेंदूच्या जोडण्यांचं चित्र बदलतं. त्यामुळे सगळ्यांना एकतर गोळीच्या अमलाखाली तपासा, नाहीतर सगळ्यांना बारा तास औषधाविना, आणि शेवटच्या डोसची वेळ नोंदवा. औषध थांबवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरच्या घरी लेव्होडोपा एकदम बंद केल्यावर तीव्र ताप आणि अंग लाकडासारखं कडक होऊन जिवावर बेतू शकतं.

ट्रोडॅट किंवा डॅट स्कॅनकडून नको ते उत्तर मागणं ही पुढची चूक. डोपामिन या हालचालींना लागणाऱ्या रसायनाच्या पेशींची टोकं मेंदूत किती शिल्लक आहेत, एवढंच तो दाखवतो. अल्झायमर्स की ल्युई बॉडीचा (मेंदूच्या पेशींत प्रथिनांच्या गाठी साचण्याचा) आजार, या पेचात तो उपयोगी पडतो, कारण अल्झायमर्समध्ये तो सहसा नॉर्मल येतो. पण पार्किन्सन्समधला डिमेन्शिया आणि ल्युई बॉडी डिमेन्शिया यांतला फरक त्याला सांगता येत नाही, दोन्हींत तो बिघडलेलाच असतो. तो फरक काळावरून ठरतो: हालचालींचा त्रास आधी आणि डिमेन्शिया वर्षाहून अधिक काळाने आला, तर पार्किन्सन्समधला. म्हणून पहिला कंप कधी दिसला, भास कधी सुरू झाले, हे घरून तारखा आठवून लिहून आणा. बुप्रोपिऑन (नैराश्यावरचं) किंवा मिथाइलफेनिडेट (एकाग्रतेसाठीचं) हे औषध चालू असेल तर तेही आधीच सांगा, त्यांनी हा स्कॅन फसतो.

साखरेच्या पेट स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणाऱ्या तपासणीत, चूक शांतपणे होते. इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास पेशंटला अंधूक खोलीत, डोळे उघडे ठेवून, गप्प बसायचं असतं. आजी डोळे मिटून पडल्या तर मेंदूच्या मागच्या भागाला, जिथे पाहण्याचं काम चालतं, साखर कमी लागते. आणि ल्युई बॉडीच्या आजारात नेमका तोच भाग फिका दिसतो! मी दर पाच मिनिटांनी आत डोकावतो. बरोबर आलेल्यांनीही तेवढा वेळ मोबाईल आणि गप्पा बंद ठेवाव्यात.

पेशंट स्थिर राहत नाही म्हणून झोपेचं इंजेक्शन मागणारे पुष्कळ असतात. मागण्याआधी पार्किन्सन्स आहे हे मोठ्याने सांगा. हॅलोपेरिडॉलसारखं शांत करणारं मानसिक आजारांवरचं औषध अशा पेशंटना फार जड जातं. अंग आखडतं, शुद्ध हरपते, काहींचा जीवही जातो. बऱ्याचदा ओळखीचा आवाज, पायावर हात आणि मध्ये एक विश्रांती एवढ्यावर काम होतं.

रोटिगोटिन या पार्किन्सन्सच्या औषधाच्या कातडीवर चिकटवायच्या पट्टीत अ‍ॅल्युमिनियम असतं, एमआरआयआधी ती काढायची. मेंदूत डीबीएसच्या, म्हणजे कंप कमी करायला सौम्य वीज देणाऱ्या यंत्राच्या, तारा बसवलेल्या असतील तर त्याचं कार्ड दाखवल्याशिवाय आत जायचं नाही. वर्षभराने पुन्हा स्कॅन करायचा झाल्यास शक्यतो त्याच मशीनवर करा, कारण मशीन बदललं की मोजमापंही थोडी बदलतात. जुनी सीडी सोबत आणा. गोळ्यांचा डबा मात्र पिशवीच्या तळाशी नको, वरच ठेवा. पुढच्या गोळीची वेळ बहुतेकदा आमच्या बाकावर नंबराची वाट बघतानाच होते.