ऑपरेशननंतर घरी झोपताना: आधी उठायची सोय बघा

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन बेळगावात झालं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना खानापूर तालुक्यातल्या घरी आणलं. आषाढाचे दिवस, बाहेर धो धो पाऊस. आईने सोप्यात जमिनीवर दोन वाकळा आणि वर कापसाची गादी असं मऊ अंथरूण घालून ठेवलेलं. बाबा आडवे झाले, डोळाही लागला. रात्री दोनच्या सुमारास हाक आली, "झोप येऊलालीय, खरं उठूस येईना रे." लघवीला जायचं होतं. आम्ही दोघांनी काखेत हात घालून ओढलं, ते कळवळले आणि मग सकाळपर्यंत घरात कुणालाच झोप नाही. पडून राहायला त्यांना काहीच त्रास नव्हता. हाल झाले ते उठताना. म्हणून उशा-चादरी गोळा करण्याआधी उठण्याचा विचार करा.

त्याची सुरुवात दवाखान्यातच होते. डिस्चार्ज कार्ड बहुतेक इंग्रजीत असतं, बाकी सूचना कधी कन्नडमध्ये. घाईत मान डोलवून निघू नका. सिस्टरना विचारा: कुठल्या कुशीवर झोपायचं, कुठल्या नाही, आणि दुखण्याची गोळी रात्री किती वाजता. उत्तर तिथेच कार्डाच्या मागे मराठीत लिहून घ्या. सांगितलेली गोळी झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी घेता येईल का, हेही विचारा. दुखणं चढल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते. झोपेची गोळी मात्र मनाने देऊ नका, आणि "थोडी घेतली की झोप लागते" म्हणणाऱ्या पाहुण्याचं तर अजिबात ऐकू नका. दारू आणि दुखण्याच्या गोळ्या एकत्र आल्या की श्वास मंदावू शकतो.

आता पलंग. कडेला बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. साधारण दीड ते पावणेदोन फूट उंची बहुतेकांना पुरते. दोरीची बाज नको, तिच्यात मधे खड्डा पडतो. दुसरं काही नसेलच तर फळी टाकून वर गादी घाला. पलंग माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात न ठेवता न्हाणीच्या वाटेवर ठेवा. ज्या बाजूने उतरायचं ती बाजू भिंतीकडे नको. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून उशीपाशी बॅटरी, पाण्याचा तांब्या आणि हाक मारायला घंटी किंवा मोबाइल. वाटेतलं पायपुसणं उचला. ओल्या फरशीवर ते सरकतं.

पोटाचं ऑपरेशन असेल, त्यात सिझेरियनही आलं, तर उठायची रीत एकच. दिवसाउजेडी दोन-तीनदा करून बघा:

१. पाठीवर असताना दोन्ही गुडघे दुमडा.
२. खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या, लाकडाचा ओंडका लोळवावा तसं. अंग पिळायचं नाही.
३. पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालचं कोपर व वरचा तळहात गादीवर रेटून बसते व्हा.
४. मिनिटभर तसंच बसा. चक्कर येत नाही ना बघा, मगच उभे राहा.

झोपताना हेच उलट क्रमाने. घरच्यांनी पाठीला हात द्यावा. काखेत धरून ओढू नये, आमच्यासारखं. खोकला किंवा शिंक आली की लहान उशी टाक्यांवर हलकी दाबून धरायची. ही उशी बाबांनी पुढे महिनाभर सोडली नाही.

सपाट झोपून पोट ताणत असेल तर पाठीमागे लोड लावा, पण उतार कमरेपासून हवा. नुसत्या मानेखाली तीन उशा रचल्या तर सकाळी मान धरते. गुडघ्यांखाली एक उशी दिली की पोट सैल पडतं.

गुडघा बदलला असेल तर मात्र हीच उशी नडते. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपलं तर बरं वाटतं, पण तो वाकलेलाच राहायची सवय लागते आणि मग पाय सरळ होत नाही. उशी द्यायचीच तर टाचेकडे, पोटरीखाली. खुब्याचं ऑपरेशन असेल तर दोन्ही पायांमध्ये उशी, आणि पायावर पाय टाकायचा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर त्या डोळ्याच्या कुशीवर नको, आणि रात्री डोळ्यावर कवच. बायपासवाल्यांचं वेगळं: छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर उठताना हातांनी रेटा द्यायचा नाही. वरची तिसरी पायरी त्यांच्यासाठी नाही. त्यांना दवाखान्यातून शिकवतील तसंच उठवा.

रात्रीचं जेवण सातच्या आत, मऊ भात आणि कमी तिखटाची आमटी. दुपारी चारनंतर चहा नको, आणि इथेच खरी पंचाईत होते. पेशंट बघायला अख्खी गल्ली येते, प्रत्येकाबरोबर एक कप होतो आणि तेच ऑपरेशन दहा वेळा सांगावं लागतं. आईने शेवटी दारातच "पाचपर्यंतच या" सांगायला सुरुवात केली. एक-दोघी रुसल्या, बाबा मात्र झोपले. दिवसा अर्ध्या तासाची डुलकी चालते. बाकी वेळ सोप्यातून परड्यापर्यंत, झेपेल तेवढं हळू चालणं. पडल्यापडल्या पावलं वर-खाली हलवत राहावं, त्याने पायात रक्त साकळण्याचा धोका कमी होतो.

पहिल्या काही रात्री झोप तुटक येणारच, त्याला घाबरू नका. पण १००.४ च्या वर ताप, टाक्यांतून पू, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर उशा नीट करत बसू नका, थेट १०८ लावा.

बाबा चौथ्या रात्री स्वतः उठून न्हाणीत जाऊन आले. आम्हाला कळलंसुद्धा नाही. सकाळी तांब्या रिकामा दिसला, तेव्हा समजलं.