घुमट, गमबूट आणि भरतीची वेळ

पर्यावरणशास्त्र मुख्य विषय आणि जोडीला समूहवादनाचा पेपर, असं कडबोळं यंदा ज्यांनी घेतलंय त्यांनी जूनआधी एक काम करावं. घरातलं जुनं घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं आपलं गोव्याचं वाद्य, माळ्यावरून खाली काढावं आणि त्याचं कातडं बघावं. आजोबांच्या वेळचं असेल तर ते बहुधा घोरपडीचं निघेल. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा ते वाद्य घेऊन तालमीला येऊ नका आणि तसलं कातडं पुन्हा मढवून घ्यायचं तर मनातही आणू नका. बकऱ्याच्या कातड्याचं नवं घ्या. २०१९ मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, तेव्हा वर्गात कोणी ना कोणी हा प्रश्न विचारणारच. जुनी मंडळी म्हणतील, ‘तो नाद आता राहिला नाही.’ ऐकून घ्यायचं.

घुमट म्हणजे शेवटी मडकं. बसमध्ये ते टॉवेलात गुंडाळून मांडीवरच हवं. माझं पहिलं एका गतिरोधकावर गेलं. पावसात कातडं सैल पडतं आणि थाप ‘भद्द’ येते, म्हणून तालमीला अर्धा तास आधी पोचून ऊब द्यायची सोय बघा. डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडझाप करायची सवय घरीच करा. आणि फक्त आपलाच हात घोटू नका. शामेळाच्या (साथीच्या चर्मवाद्याच्या) काठ्या कुठे पडतात, कांसाळं (मोठी झांज) कुठे वाजतं हे तोंडाने म्हणता आलं पाहिजे. एकटा वाजवणारा कितीही तयार असला तरी चौघांत दुसऱ्याचं ऐकत नसेल तर उपयोग नाही. वसतिगृहात राहत असाल तर रात्री दहानंतर थाप बंद: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. घुमट ती सहज ओलांडतं. मोबाइलवर मोजून बघा, प्रकल्पाचा विषय तिथेच मिळेल.

क्षेत्रभेटीची तयारी वेगळी. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर, खारफुटीत जायचं, तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्याची वेळ धरून गेलात तर चिखलाऐवजी पाणीच दिसेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ते दिवस टाळा. खाजन शेतीचं (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचं) मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, बघायचं असेल तर मात्र उलट. भरती चढताना जा, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्याची दारं आपोआप कशी लागतात ते दिसतं. गमबूट एक माप मोठे आणि आत जाड मोजे; छत्री नको, रेनकोट. नमुन्यांच्या बाटल्यांवर पेन्सिलीनेच लिहा, शाई पावसात वाहून जाते. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली काठावरच रसायनं घालून बंद करायची, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थांबलात तर आकडा खोटा येतो. पाणी, बिस्किटं, कोरडे कपडे हे सांगायला नको.

राहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. तेव्हा निम्मा वर्ग गावी, तालमी बंद, आणि परतल्यावर लगेच सादरीकरण. म्हणून घरच्या आरतीलाच सराव उरकून घ्या, काकांना घुमट सोडायला लावा. निघताना माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीखाली, उभं राहून वर बांधलेली फळं, पानं, वेली आजीकडून नावांसकट लिहून घ्या. जैवविविधतेच्या वहीची चार पानं तिथेच भरतात, आणि आजीला नावं ठाऊक असतात ती पुस्तकात सापडत नाहीत. फोटो दिवसा काढा, समईच्या उजेडात पानं ओळखू येत नाहीत.