एकट्याने उत्तम काम करणाऱ्यांनी ‘टीम प्लेअर’ची अट कशी हाताळावी

नोकरीच्या बहुतेक जाहिरातींत शिक्षण आणि अनुभव यांच्यापाठोपाठ ‘टीम प्लेअर असणे आवश्यक’ ही अट येतेच. सलग दोन-तीन तास शांतपणे बसता आले तरच ज्यांचे डोके नीट चालते, अशी अनेक गुणी माणसे ती अट वाचून एक तर अर्जच करत नाहीत किंवा मुलाखतीत आपण फार मनमिळाऊ असल्याचा आव आणतात. या दोन्हींची गरज नाही. एखाद्याचे काम त्याच्याच डोक्यात आणि त्याच्याच संगणकात अडकून पडेल, तो इतरांना ताकास तूर लागू देणार नाही आणि रजेवर गेला की सगळे ठप्प होईल, अशी धास्ती बहुतेक मालकांना वाटत असते आणि ही अट त्या धास्तीतून येते. ती दूर करण्यासाठी स्वभाव बदलावा लागत नाही. काही सवयी मात्र जाणीवपूर्वक लावून घ्याव्या लागतात.

अर्ज करण्यापूर्वी ते काम किती हातांतून जाते हे तपासावे. अकाउंट्स विभागातील जीएसटीचे काम घ्या. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या कंपनीला १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, मिळते आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याच्या कराचे विवरणपत्र, भरायचे असते. मधल्या दिवसांत खरेदीची नोंदवही २बीशी बिल-बिल लावून जुळवणे हे निव्वळ एकट्याचे, एकाग्रतेचे काम आहे. परंतु पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलेच नसेल, तर त्या बिलावरील कराची वजावट कंपनीला मिळत नाही, आणि त्या पुरवठादाराला फोन करून ते बिल दाखवायला लावण्याचे काम खरेदी विभागाचा माणूसच करू शकतो, कारण रोजचा व्यवहार त्याचा असतो. म्हणजे एकट्याचे काम कुठे संपते आणि दुसऱ्यावाचून कुठे अडते, याची रेघ येथे स्पष्ट आखता येते. आपण अर्ज करत असलेल्या प्रत्येक पदासाठी अशी रेघ कागदावर आखून पाहावी. भाषांतर, तांत्रिक लेखन, माहितीचे विश्लेषण, कर-सल्ला, प्रोग्रामिंग यांत रेघेच्या अलीकडचा भाग मोठा असतो. विक्री-समन्वय किंवा कार्यक्रमांचे आयोजन यांत तो जवळजवळ नसतोच, आणि अशा पदासाठी स्वतःची ओढाताण करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाखतीत ‘तुम्हाला एकट्याने काम करायला आवडते की टीममध्ये?’ हा प्रश्न जवळपास हमखास येतो. ‘दोन्ही आवडते’ हे उत्तर इतक्या जणांनी दिलेले असते की त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा खरे सांगावे, आणि त्याला लगेच पुरावा जोडावा: ‘सर, माझे चांगले काम एकट्याने, सलग बसून होते. मात्र मी रोज संध्याकाळी काम कुठवर आले ते लिहून कळवतो आणि माझ्या फायली इतरांना उघडून पुढे नेता येतील अशा ठेवतो. मागच्या ठिकाणी मी दहा दिवस रजेवर असताना एकही फोन आला नाही.’ अर्थात हे उदाहरण आपल्या बाबतीत घडलेले असले पाहिजे; घडलेले नसेल तर कॉलेजच्या प्रकल्पातले एखादे खरे उदाहरण चालेल. त्यानंतर आपणही विचारावे, की या पदावरील व्यक्तीचा साधारण दिवस कसा जातो, आठवड्यात किती बैठका असतात, काम कोण वाटून देते आणि कोण तपासते. या प्रश्नांना नीट उत्तरे मिळाली नाहीत, तर त्याच विभागातील एखाद्या व्यक्तीशी बोलू देण्याची विनंती करण्यात काहीही वावगे नाही.

कॅम्पस मुलाखतीतील गटचर्चेत मोजके पण नेमके बोलावे. इतरांचे मुद्दे टिपून घेऊन मध्येच ‘आतापर्यंत हे दोन मुद्दे पुढे आले आहेत, खर्चाचा विचार मात्र राहिला आहे’ असे सांगणारा उमेदवार आवाज न चढवताही लक्षात राहतो.

खरी कसोटी लागते ती नोकरी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. या काळात सर्वांत उपयोगी पडते ती दिवसअखेरची छोटी, लेखी नोंद. ‘काम चालू आहे’ अशी नोंद कुचकामी असते. वरच्याच उदाहरणात ती साधारण अशी असावी: ‘मॅडम, ऑगस्टची बिले २बीशी जुळवून झाली. ४१२ पैकी ३९६ जुळली. उरलेल्या १६ बिलांची यादी शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली आहे. त्यांतील ११ पुरवठादारांनी दाखवलेली नाहीत. त्यांना उद्या दुपारपर्यंत फोन व्हावेत अशी विनंती खरेदी विभागाला केली आहे. ५ बिलांत आपला जीएसटी क्रमांक चुकला आहे, ती मी उद्या सकाळी हाती घेते.’ काय झाले, काय उरले, कोणामुळे अडले आणि पुढचे पाऊल कोणाचे, हे सारे यात आले. अशी नोंद नेमाने जाऊ लागली की वरिष्ठांना वारंवार टेबलाशी येऊन विचारावे लागत नाही, आणि आपल्याला हवी असलेली शांतता न मागता मिळू लागते.

एकट्याने काम करणाऱ्याला सर्वांत मोठा धोका असतो तो मुकाट्याने अडून बसण्याचा. अर्धा दिवस प्रयत्न करूनही वाट सापडली नाही तर विचारायचे, असा नियम स्वतःला घालून घ्यावा आणि तो कसोशीने पाळावा.

बैठकांविषयी तक्रार करण्याऐवजी पर्याय सुचवावा. येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चार जणांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा चार जणांनी वेगवेगळे बसून सुचवलेल्या आणि नंतर एकत्र केलेल्या कल्पना अधिक भरल्या होत्या. म्हणून बैठकीचा विषय आदल्या दिवशी मागून घ्यावा, आपले मुद्दे लिहून आधीच पाठवावेत आणि सर्वांनीच तसे करावे असे सुचवावे. वरिष्ठांना पटेल असा आणखी एक हिशेब आहे. पाच जणांच्या गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे म्हटले तर १० जोड्या होतात, आणि दहा जणांच्या गटात त्या ४५ होतात. तेव्हा ‘हा एवढा भाग पूर्णपणे माझ्याकडे द्या, त्याचा निकाल अमुक तारखेला मिळेल’ ही मागणी संपूर्ण गटाचाच वेळ वाचवते, हे नम्रपणे मांडता येते.

एवढे करूनही चहाची वेळ कायमची टाळू नये. आपल्या कार्यालयांत पुष्कळशी माहिती टपरीवरच कळते. कोणाचे वडील दवाखान्यात आहेत, कोणावर महिनाअखेरीचा ताण आहे, हे ठाऊक असले की मदत केव्हा आणि कशी मागावी हे उमगते. ज्यांच्या कामाशी आपले काम जोडलेले आहे, त्यांच्याबरोबर आठवड्यातून एक-दोनदा चहा घेणे पुरेसे होते.

नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करण्याचा विचार अशा स्वभावाच्या माणसांच्या मनात लवकर येतो, पण तो घाईने अमलात आणू नये. तेथेही ग्राहकाशी बोलणे, दर ठरवणे आणि थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करणे चुकत नाही. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा बंद होतो, आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी करावी लागते. त्याआधी आहे त्याच नोकरीत आठवड्यातील दोन सकाळी, साडेदहा ते एक, बैठकीविना मागून पाहाव्यात. ही मागणी एका महिन्यापुरतीच करावी, त्या महिन्यात कोणते काम पूर्ण होईल हे आधी लिहून द्यावे, आणि महिनाअखेरीस तोच कागद वरिष्ठांसमोर ठेवून मुदत वाढवून घ्यावी.